तीन वेळा 'आहात का?'

१ फेब्रुवारी, रविवार. अमरावती

सकाळपासून सात जणांनी विचारलं, आहात का. सातही चिनी. काम काय ते एकानंही सांगितलं नाही.

त्यांचं नववर्ष जवळ आलं की या मंडळींना माझी, त्यांच्या दुभाषीची, आठवण होते. कारखाने दोन-तीन आठवडे बंद राहणार, त्याआधी कुणाला ऑर्डर पक्की करून हवी, कुणाला नुसतं गोड बोलून ठेवायचं. पण सरळ बोलतील तर शपथ. आधी 'त्साय मा?', म्हणजे 'आहात का?'. बस. मग गप्प. आपण 'आहे' म्हणेपर्यंत पुढचा शब्द नाही. काही 'जेवलात का' पासून सुरू करतात, काही 'कामात आहात?' पासून. तो कन्व्हेयरवाला म्हातारा नुसतं 'लाओशी' लिहितो, म्हणजे बाई, शिकवणाऱ्या बाई, आणि खाली एक मांजर पाठवतो. मग मांजराकडे बघत बसा.

चीनमध्ये ग्वांगचौला नोकरीत होते तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं शिकवलं होतं: 'आहे' म्हणालीस की अडकलीस. मग नाही म्हणता येत नाही. आधी काम कळू दे, मग असायचं की नसायचं ते ठरव. ती स्वतः चिनी, त्यामुळे तिच्या सल्ल्यावर मी विश्वास ठेवला. चौदा वर्षं झाली, नियम मोडलेला नाही. उत्तर मिळालं नाही की दोन तासांनी निमूटपणे काम लिहितात.

आईला हे सांगितलं तर म्हणाली, "आपलेबी लोक तसेच हायेत वं, वर्षे. मुद्द्यावर कोन येते एकदम? मांगच्या गल्लीतली ते बाई अर्धा घंटा दारात उभी राह्यते, हाय काय घरी, झालं काय जेवन, अन् जाता जाता मिक्सरचं भांडं मांगते. पन दारात आवाज आला तं ओ द्या लागते."

तिच्याकडे एकच दार आहे. माझ्याकडे रोज चाळीस वाजतात.

४ फेब्रु., बुध. अकोला

दिवसभर दाल मिलमध्ये. नव्या तुरीची आवक जोरात. नाकात, केसात, डब्यातल्या भाजीत, सगळीकडे भुसा.

चिनी कंपनीचा तंत्रज्ञ चेन, त्यानं बसवलेलं कलर सॉर्टर बरं चाललंय. डाळ वरून पडते, कॅमेरे एकेक दाणा बघतात, काळा किंवा टरफलाचा दिसला की हवेची फुंकर मारून बाजूला उडवतात. त्या फुंकरीसाठी माणसाहून उंच हवेची टाकी उभी आहे, मशीनबरोबरच आलेली. सुधाकरभाऊ ऑपरेटर. बार्शीटाकळीहून मोटरसायकलवर रोज येणं-जाणं. मिलमालक शेठजींकडे बावीस वर्षं, पण हजेरी अजून ठेकेदाराच्या वहीत.

मशीन यायच्या आधी सु.भाऊ हेच काम डोळ्यानं करायचे. मूठभर डाळ तळहातावर पसरून एक नजर टाकायची, की हा लॉट पास, तो नापास. आजही करतात, सवयीनं.

"ताई, त्या चेनले सांगा, तुही मशीन लय हुशार हाय. पन माह्या डोयापुढं कच्ची हाय अजून."

सांगितलं. चेन व्हिडिओवर खदखदून हसला. दिवाळीनंतर तीन आठवडे तो इथं राहून गेला. सु.भाऊंनी त्याला ठेचा खायला आणि मराठी बोलायला शिकवलं, दोन्ही सारखंच तिखट. आजही सुरुवात तीच:

"चेन, जेवला काय बे?"

"जेवलो, भाऊ! तू जेवला?"

या दोघांची गाडी पुढे जात नाही. पुढचं सगळं माझ्यामार्फत. मिलमध्ये चिनी कुणाला येत नाही आणि चेनचं इंग्रजी म्हणजे माझी तमिळ. शेठजींनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, "सब कुछ मॅडमच्या थ्रू. माझ्या लोकांना डायरेक्ट काही पाठवायचं नाही, गोंधळ होतो." मला बरंच वाटलं होतं. महत्त्व कुणाला नको असतं.

८ फेब्रु., रवि.

गच्चीवर मुगवड्या घातल्या, आई आणि मी. ऊन चांगलं लागलं.

सकाळी ६:५० ला चेन: त्साय मा? बघितलं. रविवार आहे बाबा. काय ते लिही, मग बघू.

९ फेब्रु., सोम.

कंबर दुखतेय. हळदीच्या मशीनच्या पुस्तिकेचं भाषांतर संपवलं, डोकं भणभणलं.

चेन पुन्हा. 'लाओशी, त्साय मा?' सुट्टीआधीचा लाडीगोडीचा हंगाम. बहुतेक त्याच्या साहेबानं पिटाळलंय, शेठजींच्या दुसऱ्या मशीनचं पक्कं करा म्हणून. त्या विषयावर मला शेठजींशी बोलायचं नाहीये. राहू दे.

१० फेब्रु., मंगळ.

चेन तिसऱ्यांदा. 'लाओशी, त्साय मा? कामात आहात?' दुपारी अडीचला. मी कामात नव्हते. आडवी पडून फोनवर साड्या बघत होते.

चिकाटीचा आहे. पण मीही आहे.

११ फेब्रु., बुध.

११:२० ला शेठजींचा फोन. टाकी फुटली. सु.भाऊ

१२ फेब्रु., गुरु. अकोला

काल लिहिता आलं नाही.

हवेची टाकी फुटली. पत्रा फाटून अर्धा शेडच्या भिंतीत घुसला. सु.भाऊ सॉर्टरच्या पुढ्यात उभे होते, तळहातावर डाळ घेऊन. मशीनची काच आणि पत्र्याच्या कपच्या तोंडावर. उजवा डोळा काढावा लागला. काल संध्याकाळीच काढला. डाव्यात बारीक कण आहेत, डॉक्टर म्हणतात सूज उतरेपर्यंत काही सांगता येत नाही.

दवाखान्यात त्यांची बायको, मंदाताई. याआधी एकदाच भेटले होते. रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "चहा घेतला काय ताई तुमी?" मी तिथेच भिंतीला टेकून रडले, आणि त्यांनीच मला धरून बसवलं. लाज वाटली.

काल दुपारी सव्वाबाराला चेनला लिहिलं होतं. 'टाकी फुटली. सुधाकरभाऊ जबर जखमी. ताबडतोब सांग काय करायचं.' त्या तीन 'आहात का' च्या खाली. लिहिताना त्या तिन्हींकडे बघितलं. स्वतःला सांगितलं, त्याचा काय संबंध.

त्याच्याकडे 'लिहितोय, लिहितोय' दिसत राहिलं. दहा मिनिटं. मग फक्त: 'लाओशी, मी फोन करू का?'

विचारतोय! अशा वेळीसुद्धा विचारतोय! मीच लावला. उचलला नाही.

१३ फेब्रु., शुक्र.

आज चेनशी बोलणं झालं. पाऊण तास. तो घराबाहेर, कुठल्याशा बसस्टॉपवर उभा राहून बोलत होता. मागे गाड्यांचा आवाज.

जसं सांगितलं तसं लिहून ठेवते, नाहीतर माझं मन त्यात फेरफार करेल.

शनिवारी, ७ तारखेला, त्यांच्याकडच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडे अशीच टाकी फुटली. आमच्याच खेपेतली. दाब जास्त झाला की आपोआप उघडायची ती झडप अडकली होती. शेड रिकामं होतं, कुणाला लागलं नाही. कंपनीनं सगळ्या तंत्रज्ञांना बसवून सांगितलं, सुट्टी संपेपर्यंत कुणीही गिऱ्हाइकाला काही लिहायचं नाही. लिहिलं की पुरावा होतो. सुट्टीनंतर झडपा बदलू.

चेनला राहवलं नाही. लिहायचं नाही ना, मग तोंडी सांगू, असं त्यानं ठरवलं. पण न विचारता एकदम फोन करणं म्हणजे त्यांच्यात अंगावर धावून जाणं. त्यातून मी वयानं मोठी, लाओशी. म्हणून रविवारी सकाळी त्यानं आधी दार वाजवलं.

"तुम्ही 'आहे' म्हणाला असतात की लगेच फोन करणार होतो," तो म्हणाला. "तीन दिवस वाट पाहिली. वाटलं, तुम्ही कामात आहात. मग वाटलं, कंपनीनं तुम्हाला आधीच सांगितलंय आणि तुम्हाला माझ्याशी बोलायचं नाही."

मी म्हटलं, सरळ लिहायचं ना गाढवा, टाकी बंद करा. तीन शब्द!

तो म्हणाला, "हो. लिहायला हवं होतं." आणि रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. फोन ठेवल्यावर आली.

मशीनबरोबर आलेली दुसरी टाकी मिलच्या जुन्या शेडमध्ये आहे, तीही त्याच खेपेची. लगेच शेठजींना फोन करून बंद करायला लावली. त्यांनी विचारलं, कशावरून? मी म्हटलं, चेन म्हणाला. कधी म्हणाला? आज. खरंच आहे ते, आजच म्हणाला.

१४ फेब्रु., शनि.

आईला सांगितलं. सगळं. वाटलं होतं ती म्हणेल, तुला काय माहीत होतं. ती उठली. गच्चीवर जाऊन वाळलेल्या वड्या डब्यात भरत बसली. खाली आल्यावर म्हणाली, "जेवून घे."

मी स्वतःला समजावते. रोज चाळीस जण विचारतात आहात का. एकोणचाळिसांचं काम फालतू असतं. चाळिसावा कुठला हे कुणाला कळणार? पण चेन फालतू माणूस नव्हता, हे मला माहीत होतं. तो कधी उगाच तीनदा विचारत नाही. दोनदाही नाही. हेही माहीत होतं.

१७ फेब्रु., मंगळ.

आज त्यांचा सण. शुभेच्छांचे सत्तर मेसेज, लाल पाकिटांची आणि उड्या मारणाऱ्या पोरांची चित्रं. एकालाही उत्तर दिलं नाही. नंतर भीती वाटून सगळे उघडून वाचले, एकेक. सगळे शुभेच्छांचेच होते.

२० फेब्रु., शुक्र.

चेन: 'लाओशी, त्साय मा?'

दोन सेकंदांत 'आहे' लिहिलं. आता काय उपयोग.

त्याला कामावरून घरी बसवलंय. कंपनी म्हणते, आम्ही तंत्रज्ञांना तोंडी सूचना द्यायला सांगितलं होतं, यानं गिऱ्हाइकाशी संपर्कच केला नाही. साफ उलटं. मॅनेजरनं समोर बसवून त्याच्या फोनमधलं माझ्याबरोबरचं सगळं बोलणं पुसायला लावलं. त्यानं पुसलं. घरी आठ महिन्यांची मुलगी आहे, काय करणार.

'तुमच्याकडे त्या तीन ओळी आहेत ना? मी संपर्क करायचा प्रयत्न केला, एवढंच त्यातून दिसतं. दुसरं काही माझ्याकडे नाही.'

आहेत, लिहिलं.

'ठेवाल ना?'

 शेवटी 'हो' लिहिलं. मध्ये किती वेळ गेला ते त्यालाही दिसलंच असणार.

२३ फेब्रु., सोम. अकोला

शेठजींनी ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. विम्याचा माणूस येऊन गेला. त्याला चिनी कंपनीबरोबरचं दोन महिन्यांचं सगळं बोलणं हवंय, छापून, समोर भाषांतर, खाली माझी सही की काही वगळलेलं नाही. २ मार्चला, सकाळी अकरापर्यंत.

तीन ओळींचं मी आपणहून सांगितलं. वाटलं, सांगितल्यावर हलकं वाटेल. शेठजी बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, ते हॅलो-हॅलो आहे. कामाचं आहे का त्यात काही? टाकी शब्द आहे? नाही ना? मग कामाचं तेवढंच लिहा."

मी म्हटलं, वगळलं नाही अशी सही आहे.

"आप समझो जरा. त्यांनी कळवायला बघितलं आणि आमच्या माणसानं उत्तर दिलं नाही, असं निघालं तर विमा हात वर करेल. मी काय सुधाकरला घरून देऊ? ठेकेदाराच्या वहीतला माणूस आहे तो. माझी नियत साफ आहे, विमा पास झाला की पहिला सुधाकरचा. लिहून देतो. पण आधी पास तर होऊ द्या."

माझ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. 'आमच्या माणसानं' म्हणाले. आणि निघताना, "चहा घ्या."

माणूस वाईट नाही, हीच अडचण आहे. वाईट असता तर मी त्याच्या टेबलावर आपटून आले असते.

२४ फेब्रु., मंगळ.

बाजू मांडून बघते.

ओळी ठेवल्या: चेनची बहुतेक सुटका. सु.भाऊंचे पैसे बहुतेक जातात. माझं नाव जातं, म्हणजे काम जातं. आई आणि मी वड्या विकू.

ओळी काढल्या: सु.भाऊंना पैसे, शेठजींनी शब्द पाळला तर. मी सुरक्षित. चेन खोटारडा ठरतो. हजारो किलोमीटरवर आहे, कुणाला दिसणार.

दुसऱ्या बाजूला माझा फायदा आहे, म्हणून तिच्यावर माझा विश्वास नाही. पण पहिलीवरही नाही. खरं बोलून मोकळं व्हायची मला घाई झालीय, आणि त्याची किंमत भरणार दुसरा. असलं खरेपण काय कामाचं?

वकिलाला विचारावं? एका मैत्रिणीचा नवरा वकील आहे, त्याला विचारलं, नाव न सांगता. तो म्हणाला, दोन्हीकडून बोलता येईल. शहाणाच आहे.

२६ फेब्रु., गुरु.

सु.भाऊ घरी आले, बार्शीटाकळीला. मंदाताईंचा फोन. डावा डोळा उघडला, दिसतंय. मी देवापुढे बसले, वर्षभरानं.

आईला विचारलं, तू असतीस तर? आई म्हणाली, "मले नको इचारू. ज्याचा डोया गेला त्याले इचार."

तीन दिवस टाळतेय ते हेच.

१ मार्च, रवि.

आता संध्याकाळ. बार्शीटाकळीहून परत. क्रमानं लिहिते.

दहाच्या सुमारास पोचले. दोन खोल्या, पुढे ओटा. सु.भाऊ ओट्यावर खाटेवर, उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यावर काळा चष्मा. आवाजावरून ओळखलं. "या ताई. काहून तरास घेतला एवढ्या उन्हात?"

मंदाताईंनी पाणी दिलं. मी पाणी पिण्याआधी सांगितलं. प्यायल्यावर जमलं नसतं. चेननं तीन दिवस दार वाजवलं, मी उघडलं नाही, टाकी तेव्हाच बंद झाली असती. सगळं सरळ, तीन वाक्यांत.

 शेजारी कुणाचा तरी पंप चालू होता.

मग सु.भाऊ म्हणाले, "काहून नाई देल्लं उत्तर?"

मी माझा नियम सांगायला लागले, चाळीस जण, आहे म्हटलं की अडकतो. ते ऐकत होते. मध्येच मला माझाच कंटाळा आला. म्हटलं, "भाऊ, आळस. दुसरं काही नाही. रविवारी वड्या घालत होते. मंगळवारी तर काहीच करत नव्हते."

"दाखवा."

फोन दिला. चष्मा वर सरकवून त्यांनी तो डाव्या डोळ्याला जवळजवळ चिकटवला. डोळा लाल होता, पाणी वाहत होतं. त्या अक्षरांतलं त्यांना काही वाचता येणार नव्हतं, तरी एकेक ओळ बघत होते. डाळ बघायचे तसे, घाई न करता.

"हे इकडचे तीन त्याचे?"

"हो."

"अन् हे खालचं हिरवं तुमचं?"

"हो."

"कवाचं हाय?"

"बुधवारचं. दुपारचं."

"म्हंजे माहा डोया गेल्यावरचं."

मी हो म्हटलं. 

त्यांनी फोन परत दिला. चष्मा नीट केला. मग मी उद्याच्या कागदाचं सांगितलं, शेठजी काय म्हणाले ते, विम्याचं, चेनचं, आठ महिन्यांच्या मुलीचं. काहीही लपवलं नाही. विचारलं, भाऊ, तुम्ही म्हणाल तसं करते.

ते पहिल्यांदा चिडले. "मी काहून म्हनू? डोयाबी माहाच जावा अन् ठरवाबी मीच? हे ओझं माह्या डोक्शावर नका देऊ ताई. तुमचं हाय, तुमी वागवा." थोड्या वेळानं, खालच्या आवाजात, "त्या पोरानं तीनदा इचारलं म्हनता. तीनदा कोन इचारते आजकाल. मिटवू नका ते."

मग आत बघून, "मंदा, ताईले जेवाले वाढ."

जेवले. वरण-भात, भाकरी, वांग्याची भाजी. वरण तुरीचंच. एकेक घास ढकलला. नाही म्हणायचा मला काय अधिकार.

निघाले तेव्हा मंदाताई स्टँडपर्यंत सोडायला आल्या. पदर डोक्यावर ओढलेला, चेहरा दिसत नव्हता. बस दिसली तेव्हा बोलल्या.

"ताई, ते तसेच हायेत. खरं ते खरं म्हनतीन अन् उपाशी राह्यतीन. पन परवापासून म्हनून राह्यले का डाव्या डोयानं धुपट धुपट दिसते. डॉक्टर म्हनते नागपूरले न्या, बिगीनं न्या. कायच्यावर नेऊ? त्या तीन ओयी काढता येत असतीन तं काढा. मी म्हतलं म्हनून त्याईले सांगू नका."

कंडक्टर ओरडत होता. मी त्यांचा हात धरला, त्यांनी सोडवून घेतला.

अकोल्याला बस बदलली, मूर्तिजापूरपर्यंत उभीच. एका बाईनं जागा दिली तरी बसले नाही.

घरी आल्यावर विम्यासाठी छापून ठेवलेले दोन कागद काढले. एकात तीन ओळी आहेत, तारीख-वेळेसकट, आणि त्याखाली माझी बुधवारची. दुसऱ्यात नाहीत. दुसरा जास्त नीटनेटका दिसतो. छापताना दोन्हीला सारखाच वेळ लागला.

आई दारात येऊन उभी राहिली. काय म्हणाले ते सांगितलं, मंदाताईंचं सोडून. मग तेही सांगितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली.

खोटं लिहिलं तर ते कुणासाठी, हे मी नावं घेऊन सांगू शकते, सु.भाऊ आणि मंदाताई. खरं लिहिलं तर चेनसाठी म्हणेन, पण त्यात निम्मी मी असेन.

चेनला कळवलं नाही अजून. सु.भाऊंच्या डोळ्याचं धुकं उतरलं की वाढलं, विचारायला फोन हातात घेतला आणि ठेवला.

सकाळी सातची बस. दोन्ही कागद पिशवीत घातलेत, सही एकावरही नाही.